मोटारीची खांदमळणी

मी माझ्या धाकट्या जावेवर कधीच जळले नाही. अधूनमधून थोडा धूर निघायचा, एवढंच.

ही धाकटी जाऊ म्हणजे कुमुद. ती अमरावतीला राजापेठेत राहायची आणि मी दर्यापूरकडच्या काळ्या मातीत. तिच्या घरात नळ, माझ्या घरामागे विहीर. तिने सातवी होऊन वर इंग्रजीच्या दोन इयत्ता केलेल्या, मी मराठी चौथी. तिचं बोलणं छापील, आणि माझं बोलणंच नाही! (परक्या माणसापुढे माझ्या तोंडून शब्द निघत नाही. आणि माझ्या लेखी परका म्हणजे माजघराच्या उंबऱ्यापलीकडचा कोणीही. त्यात माझे दीरही आले.) हे सगळं मी गोडीने सोसलं. पण मोठी लढाई संपली, गोरे साहेब सामान बांधून आपल्या मुलखाला निघाले, आणि अशाच एका साहेबाची अमेरिकन मोटार आमच्या भाऊजींनी, म्हणजे कुमुदच्या नवऱ्याने, नागपुरात घेतली. तेव्हापासून माझी चूल विझलेली असली तरी घरात धूर दिसायला लागला.

बरं, मोटार साधी असती तरी मी आवरलं असतं. ही मोटार म्हणे गिअर आपलं आपण बदलायची! दुसऱ्या मोटारीत पायाखाली तीन पट्ट्या असतात, हिच्यात दोनच. डाव्या पायाला कामच नाही. म्हणून भाऊजी डावा पाय दुमडून मांडीखाली घ्यायचे आणि पाटावर जेवायला बसल्यासारखे मोटार हाकायचे. साऱ्या मध्यप्रांत-वऱ्हाडात असली दुसरी मोटार नाही, असं ते सांगायचे. सगळा मध्यप्रांत त्यांनी कधी पाहिला ते मला माहीत नाही.

ही मोटार आमच्या गावात पहिल्यांदा आली ती पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी. आली म्हणजे, आमच्या मोऱ्या आणि बाशा या बैलांनी ओढून आणली!

झालं असं की, पाऊस पंधरा दिवस लागून होता. सडकेपासून गावापर्यंतची वाट म्हणजे नुसता काळा गारा. मोटार त्यात अर्ध्या चाकापर्यंत बसली. निरोप आल्यावर ह्यांनी बैल नेले, दोर बांधला आणि मोटार घरापुढे आणून उभी केली. पुढे बैल, मागे मोटार, आत कुमुद बसलेली, हातात रुमाल! मी खिडकीच्या फटीतून पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझ्या जिवाला गार वाटलं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावर उभ्या होत्या.

"काहून रे वसंता, मोटारले बैल काहून ओढून राह्यले?"

"चिखल लागला ना माय," भाऊजी म्हणाले.

"आपोआप बदलते म्हनत होता ना तू? मंग चिखलात काहून नाई बदलली?"

हे, म्हणजे माझे मालक, बैलांचा दोर सोडत म्हणाले, "बदलली ना माय. मोटारीची बैलगाडी झाली."

मी तोंडात पदर कोंबून हसले. पण माझा आनंद दुपारच्या जेवणापर्यंतच टिकला. पानं वाढली आणि कुमुद आत्याबाईंजवळ बसून गोड आवाजात म्हणाली, "आई, ह्या वेळी आम्ही तुम्हाला न्यायलाच आलो आहोत. आता आमच्याकडेच राहायचं. मोटार दारात आहे. रोज सकाळी अंबादेवीचं दर्शन. बसल्या बसल्या!"

(ती त्यांना 'आई' म्हणायची. सतरा वर्षांत मला 'आत्याबाई'च्या पुढे जाता आलं नव्हतं.)

मला वाटलं, आत्याबाई फणकारतील. पण त्या भाकरीचा घास हातात धरून विचारात पडल्या. "रोज अंबादेवी?" त्या म्हणाल्या. "बसल्या बसल्या?"

"परवा आधी चिखलदऱ्याला नेतो तुले," भाऊजी म्हणाले. "थंड हवा, भीमकुंड, सारं दाखवतो. दादा-वहिनीही येतील. मंग परतवाड्यावरून ते सर्विस गाडीनं इकडे, अन् तू आमच्यासंगं सरळ अमरावतीले. पेटी भरून ठेव."

आणि आत्याबाई म्हणाल्या, "भरतो बाप्पा. पाहू तरी तुही मोटार."

माझ्या हातातली भाजीची वाटी कलली आणि सगळं वरण... म्हणजे सगळी भाजी ह्यांच्या पानात गेली. (बघा, आजही लिहिताना हात हलतो.)

तुम्ही म्हणाल, सासू जाणार तर बाईने नाचावं. पण आमचं तसं नव्हतं. आत्याबाई मला दिवसातून वीस वेळा "मोठेऽ!" अशी हाक मारायच्या आणि त्यातल्या अठरा वेळा रागवायला. पण मी माहेरी आईविना वाढलेली. मला रागवायला घरात कोणी नव्हतंच. सतरा वर्षं त्या हाकेवर मी उठले, बसले, रांधलं, झोपले. आता ती हाक राजापेठेत जाणार, तिथे ती "कुमुदऽ!" होणार आणि वर नळाचं पाणी पिणार! हे मला सहन होईना.

दुपार कलली तशी खांदमळणीची तयारी सुरू झाली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे कोमट पाण्याने धुवायचे आणि त्यांना हळद-तूप चोळायचं. वर्षभर जू वागवून तिथे घट्टा पडलेला असतो. चोळताना बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मोऱ्या-बाशाचं हे काम दरवर्षी मीच करते. मी वाटीत हळद-तूप कालवत होते, तेवढ्यात आत्याबाईंनी हुकूम सोडला.

"मोठेऽ! त्या मोटारीचाही खांदा मळ वं."

"मोटारीचा?"

"मंग? वाहन ते वाहन. बैलाले आवतण अन् तिले नाई? परवा मले घाट चढवून नेनार हाय ते. कुमुदले सांगितलं असतं, पन तिचे हात पिवळे होतीन."

तिचे हात पिवळे होतील! आणि माझे? माझे जन्मजात पिवळे असावेत. मी कधीच बोलत नाही. पण मनात म्हटलं, थांबा. मोटारीची अशी खांदमळणी करते की आत्याबाईंना कळेल, मोटार धाकटीची असली तरी सेवा मोठीचीच! (जळक्या बाईने मन लावून केलेली सेवा किती महाग पडते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.)

अडचण एकच. मोटारीचा खांदा कुठे असतो?

मी ह्यांना गोठ्यात गाठलं. हे बाशाच्या शिंगांना हिंगूळ लावत होते.

"अहो, मोटारीचा खांदा कोनता?"

ह्यांनी मान वर केली नाही. "जिथं जोर लागते तो."

दिवेलागणीच्या आधी सगळे आत चहाला बसले तेव्हा मी वाटी घेऊन मोटारीजवळ गेले. दार उघडलं. आत कोणी नाही असं पाहून हाकणाऱ्याच्या जागेवर बसलेसुद्धा! गादी अशी मऊ, की वाटलं कुमुदला सगळं माफ करावं. डावा पाय भाऊजींसारखा मांडीखाली घेतला. चाक धरलं. मग लाज वाटली आणि खाली वाकून खांदा शोधायला लागले.

खाली दोन पट्ट्या होत्या. एक लांबट, नाजूक. दुसरी रुंद, रबराची, आणि तिच्यावर घासून घासून गुळगुळीत डाग पडलेला. अगदी मोऱ्याच्या खांद्यावरच्या घट्ट्यासारखा! माझ्या मनात संशय उरला नाही. बिचारीच्या खांद्यावर त्या गोऱ्या साहेबाने किती जोर दिला असेल! मला मोटारीची दयाच आली.

मग मी हात राखला नाही. त्या रबरावर रेघा होत्या, त्या एकेक करून बोटाने तुपाने भरल्या. बाजू चोळल्या. पळसाच्या पानाने वरून शेकल्यासारखं केलं. तूप कमी पडलं म्हणून आत जाऊन आत्याबाईंच्या गंजातलं, म्हणजे तुपाच्या पातेल्यातलं, आणखी आणलं, घरच्या लोण्याचं, कणीदार. शेवटी पट्टीजवळ तोंड नेऊन हळूच म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." आणि मग, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, पुढचं जोडलं, "अन् परवा आमच्या आत्याबाईले नेऊ नका."

झालं. पोळ्याचा दिवस. बैल सजले, मोटारीलाही झूल घातली. बैलांना त्या दिवशी जुंपत नाहीत, म्हणून मोटारीलाही कोणी हात लावला नाही. मात्र भाऊजींनी संध्याकाळी सगळ्या गावाला ओट्यासमोर जमवून मोटारीवर व्याख्यान दिलं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. दुसऱ्याच्या वस्तूचं कौतुक ऐकताना माझे कान फार तिखट होतात.

चाकाच्या मागे एक लहान काच होती, आत चार इंग्रजी अक्षरं आणि एक काटा. बाजूची दांडी हलवली की काटा एकेका अक्षरावर जायचा. भाऊजी म्हणाले, "पयल्यावर काटा असला की मोटार मोकळी. दुसऱ्यावर रोजची चाल. तिसऱ्यावर घाट. चौथ्यावर मागं. नागपूरच्या ड्रायव्हरनं बजावून सांगितलं हाय, घाटात चढतानी अन् उतरतानी तिसरं. मंग इंजिनच मोटारले धरून ठेवते. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ब्रेक तापते अन् पायात राहत नाई. अन् उतारावर मोकळी तर कधीच सोडायची नाई!"

मला इंग्रजी येत नाही, पण चित्रं लक्षात राहतात. लोक पांगल्यावर मी काचेत डोकावून आले. पहिलं अक्षर म्हणजे दोन खांब आणि मध्ये तिरपी पडलेली तुळई. दुसरं, पोट सुटलेला सावकार. तिसरं, भिंतीला टेकून पाय पसरून बसलेली बाई. चौथं, तोच सावकार, एक पाय पुढे टाकून निघालेला. (चौथीतल्या मास्तरांनी मला कधी शाबासकी दिली नाही. त्यांनी हे पाहायला हवं होतं.)

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. आत्याबाईंची पेटी मोटारीच्या मागे दोरांनी आवळून बांधली. ती बांधताना प्रत्येक गाठ माझ्या गळ्याला बसत होती. मोऱ्या-बाशाने मोटार सडकेपर्यंत ओढून दिली. पुढे भाऊजी, मध्ये आत्याबाई, खिडकीशी कुमुद. मागे हे आणि मी. कुमुदने आत्याबाईंच्या खांद्यावर शाल टाकली. सतरा वर्षं ती शाल मी टाकत होते! मी मागून शालीचं टोक सरळ केलं. कुमुदने पुढून ते पुन्हा वाकडं केलं. परतवाड्यापर्यंत आमचं हेच चाललं होतं.

अंजनगावापाशी शेळ्या आडव्या आल्या. भाऊजींनी पाय दाबला, मोटार थांबली, पण जरा उशिराने. एक शेळी दिव्याला अंग घासून गेली.

"काय झालं रे?" ह्यांनी विचारलं.

"काई नाई दादा. बूट नवा हाय, तळवा सरकते."

मी खिडकीबाहेर कपाशी बघत होते. मला काही म्हणजे काही सुचलं नाही. खरंच! जोर लावायची पट्टी आणि थांबवायची पट्टी यांत फरक असतो, हे व्याख्यानात नव्हतं.

घाट लागला. भाऊजींनी दांडी ओढली, काटा पाय पसरलेल्या बाईवर गेला आणि मोटार गुरगुरत चढू लागली. सागाची झाडं, ढग, ओहोळ, सगळं मागे जाऊ लागलं. भाऊजींचा डावा पाय मांडीखाली, चेहरा लग्नातल्या व्याह्यासारखा.

"पाहा आई," कुमुद म्हणाली, "काही करावंच लागत नाही! आपोआप!"

"हो वं," आत्याबाई म्हणाल्या, "बैलाले तोंडातून फेस आला असता." आणि मान मागे वळवून मला म्हणाल्या, "मोठे, पाह्य वं, किती सुख हाय!"

मी "हो" म्हटलं. त्या एका 'हो'त माझं काय काय जळालं, ते सागाच्या झाडांना विचारा.

वर चिखलदऱ्याला धुकं असं की भीमकुंडाच्या जागी फक्त आवाज दिसला. आम्ही मोटारीतच पुरणपोळ्या खाल्ल्या. कुमुदने आत्याबाईंना पोळी दिली. मी तिच्यावर तूप वाढलं. आत्याबाई गंज हातात धरून म्हणाल्या, "मोठे, परवा भरेल होता हा. अर्धा कसा झाला वं?"

"पोळा होता ना," मी म्हटलं.

उतरायची वेळ झाली. पहिल्या वळणानंतर भाऊजींनी दांडी हलवली. मी मागून मान उंच करून पाहिलं. काटा पहिल्या अक्षरावर! दोन खांब आणि तुळई! मोकळी!

मला वाटलं, सांगावं. पण भाऊजींशी मी आजवर थेट बोलले नव्हते. मी ह्यांना कोपर मारलं. ह्यांना वाटलं, पोळी जास्त झाली.

"भाऊ, आवाज काहून बंद झाला?" ह्यांनी विचारलं.

"पेट्रोल वाचवून राह्यलो दादा. कुपनावर भेटते ते. उतार हाय, फुकटात जाते. मोटार आपल्या मनानं उतरून राह्यली!"

मोटार खरंच आपल्या मनाने उतरू लागली. आधी चालली, मग धावली, मग उधळली! भाऊजी वळणावळणावर पाय दाबत होते. थोड्या वेळाने करपट वास यायला लागला.

"काय जळून राह्यलं?" आत्याबाईंनी विचारलं.

सवयीने मला वाटलं, मीच. पण खिडकीतून पाहिलं तर पुढच्या चाकातून धूर निघत होता! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच धूर माझ्याऐवजी कुमुदकडून निघाला, पण आनंद मानायला सवड नव्हती. समोर वळण, वळणापलीकडे नुसतं धुकं, आणि धुक्याखाली काय आहे ते सगळ्यांना ठाऊक.

भाऊजींनी सगळा जोर लावून पाय दाबला, आणि बूट पट्टीवरून असा सटकला की गुडघा चाकावर आदळला!

"हा बूट!" ते ओरडले. एका हाताने बूट उपसला आणि फेकला तो थेट आत्याबाईंच्या मांडीवर. "आता पाह्य!"

अनवाणी पाय दाबला. तो तर बुटापेक्षा सरस घसरला! दाबला, घसरला. दाबला, घसरला. डावा पाय मांडीखाली अडकून मुंग्या आलेला, तो बाहेर निघेना. हाताचा ब्रेक ओढला, तर तो कधी वापरलेलाच नसल्याने नुसताच हातात आला.

"अहो, काहीतरी करा!" कुमुद किंचाळली. "दांडी! दांडी ओढा! सगळ्यात खाली!"

सगळ्यात खाली म्हणजे चालता सावकार! मागे जाणारं अक्षर!

"वश्या!" हे गरजले. "उतारावर जू काढते काय रे कोनी? जुंप त्याले! जुंप!"

"कशात जुंपू दादा? कोनतं अक्षर? मले आठवत नाई!"

"अंबे माय!" आत्याबाईंनी बूट छातीशी कवटाळून डोळे मिटले.

आणि मग मोटारीत एक आवाज आला. मोठा, खणखणीत, बायकी. तो माझा होता हे मला नंतर कळलं.

"भाऊजीऽ! ते पाय पसरून बसलेली बाई! तिच्यावर टाका! तिसरी! तिसरी!"

भाऊजींनी दांडी ओढली. काटा बाईवर गेला. मोटारीने पोटातून अशी डरकाळी फोडली, की आम्ही दोघं मागून पुढच्यांच्या पाठीवर गेलो. आणि मोटार कोणी शेपूट धरल्यासारखी हळू झाली. हळू, हळू, आणखी हळू. भाऊजींनी ती डोंगराच्या अंगाला घेतली, तिथल्या नालीत चाक उतरलं, आणि थांबलो. हे उडी मारून उतरले आणि दोन मोठे दगड आणून चाकांपुढे लावले, घाटात बैलगाडी थांबवली की लावतात तसेच.

चाकांतून अजून धूर निघत होता.

मग आत्याबाई खाली उतरल्या, मागचं दार उघडून माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. "माही मोठी वं! चौथी पास! इंग्रजी शिकेलीले नाई सुचलं, ते हिले सुचलं! हिनं वाचवलं आपल्याले!"

ऐकताय ना? कुमुदच्या समोर! घाटात! मी मान खाली घातली, पण खालून सगळं बघत होते. कुमुदच्या डोळ्यांत पाणी होतं. भाऊजी हात जोडून म्हणत होते, "वैनी, तुमी नसत्या तर..." ते सुख मी अर्धं मिनिट भोगलं. मोजून अर्धं, कारण तेवढ्यात भाऊजींनी दगडावर बसून मुंग्या आलेला पाय चोळायला घेतला, आणि दुसरा समोर पसरला.

"अहो," कुमुद म्हणाली, "तुमच्या तळव्याला हळद कशी?"

सगळ्यांनी पाहिलं. भाऊजींचा उजवा तळवा हळदीच्या दिवशीच्या नवरदेवासारखा पिवळाजर्द होता! आणि चकाकत होता!

"मोटारीतून काही गळते काय?" भाऊजी घाबरून म्हणाले. "तेल?"

हे माझ्याकडे वळले. ह्यांना 'जिथं जोर लागते' आठवलं असावं, कारण ह्यांनी एकदम तोंड फिरवलं आणि खोकायला लागले. तो खोकला परतवाड्यापर्यंत थांबला नाही.

आत्याबाई खाली वाकल्या. भाऊजींच्या तळव्यावरून एक बोट फिरवलं. नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मोटारीचंच असते ते," त्या भाऊजींना म्हणाल्या. "नव्या मोटारीले निंघते. पट्टी मातीनं घासून घे." आणि पदराला बोट पुसत म्हणाल्या, "वसंता, माही पेटी परतवाड्याले उतरवजो. मी मोठीसंगं जातो."

"माय! भेली काय तू? अवं आता तिसऱ्यातच नेतो ना!"

"आई, असं काय करता!" कुमुद रडवेली झाली.

"नाई बापा. माही जरूर तिकडं जास्त हाय."

माझं मन भरून आलं! पट्टी मातीने घासली, दोन तास ब्रेक थंड होऊ दिले आणि तिसऱ्या अक्षरावर, गोगलगाईच्या चालीने आम्ही खाली आलो. परतवाड्याला पेटीच्या गाठी मी माझ्या हाताने सोडल्या. सर्विस गाडीत आत्याबाई माझ्या शेजारी बसल्या, मी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली आणि ती कोणीही वाकडी केली नाही. मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, तुमी माह्यासाठी राह्यल्या?"

"तर काय मोटारले भेली म्हनून?" त्या म्हणाल्या. "मी अमरावतीले गेली असती तर घरातलं तूप कोन सांभाळलं असतं? अवं, दोन जोड्या बैलाईले पुरते तेवढं तूप एका पट्टीले! सतरा वर्षं तुह्या हाती गंज देला, मले वाटलं, पोरगी शाहनी हाय! घरी गेल्याबरोबर शिंक्याचा गंज कपाटात. किल्ली माह्या कमरेले."

मागच्या बाकावर ह्यांना पुन्हा खोकला आला.

किल्ली खरंच कमरेला गेली आणि तिथेच राहिली. पुढल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी भाऊजी-कुमुद पुन्हा आले. (मोटार सडकेवर ठेवून. पायी.) जेवताना आत्याबाईंनी मला चार वेळा "मोठेऽ!" म्हणून हाका मारल्या, चारही रागाने. कुमुदने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी ती नजर लगेच ओळखली. मी स्वतः ती कित्येक वर्षं वापरलेली होती.

"बाई," ती हळूच म्हणाली, "तुमचं खरंच नशीब. आई तुम्हाला सोडून राहतच नाहीत. मला तर तुमचा हेवा वाटतो हो!"

माझ्यावर जळणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं! मला तिला काहीतरी झोकात उत्तर द्यायचं होतं. पण माझ्या तोंडात कोरडी भाकर होती, आणि ती तुपाशिवाय लवकर गिळता येत नाही.